दोन गाठींची पोटली

प्रिय अक्का,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज भर दुपारी लेकीच्या जुन्या वहीत खरडत बसले आहे, कारण हाताला काहीतरी चाळा हवाय. तुमच्या पुष्पीला चारदा फोन लावला. शिरड शहापूरला रिंग जाते, पण पोरगी उचलत नाही. उद्या तिच्या घरी महालक्ष्म्या जेवणार आहेत आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय. माझ्या हातून घोळ झाला आहे, अक्का. आणि नाव तुमचं खराब झालंय!

सकाळी आपल्या गल्लीतली शारदा अर्धा चिरलेला दुधी भोपळा घेऊन आली. जूनमध्ये मी दिलेल्या बियांचा, म्हणजे तुमच्याच पोटलीतल्या बियांचा. "वैनी, जरा चाखून बघा बरं," म्हणाली. मी टोकाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि अंगणात पळत जाऊन थुंकले. नुसता कडू जहर!

"माजी सवय म्हणून चाखला, न्हाई तर लेकरं आडवी पडली असती," शारदा म्हणाली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "जाऊ द्या. म्हातारपणी अक्काची नजर गेली व्हती. त्यांचंच चुकलं असंल."

आणि मी काय केलं? मूग गिळून गप्प बसले. वर तिला चहा केला!

तुमची नजर? तुम्ही तर संध्याकाळच्या उजेडात तिळातला खडा वेचायच्या. चुकले मी. शारदा गेल्यावर चूळ भरता भरता मला सगळं आठवलं, आणि तेही जीभ कडू झाली तेव्हा. आधी आठवलं असतं तर काय बिघडलं असतं?

हळद शिजवायचे दिवस होते. मी कढईपाशी, डोळ्यांत धूर. तुम्ही बाजेवर बसून पोटल्या बांधत होतात. "सुमन, ध्यान दे. एक गाठ गोड भोपळ्याला. दोन गाठी कडूला. दुसरी गाठ सोडताना येळ लागतो, तेवढ्यात माणसाला आठवतं, आपण काय घेऊन राहिलो ते." मी 'हो हो अक्का' म्हणाले. तुम्ही विचारलंत, "काय सांगितलं मी?" मी म्हणाले, "सांगितलं ना तुम्ही, झालं!" तुम्ही हसलात. तुम्ही तेव्हा मला एक फटका का नाही दिला हो?

कडू भोपळा तुम्ही बांधाच्या पलीकडे, एकटाच लावायच्या. त्याचे तुंबे वाळवून त्यांत वाल, चवळी, मेथी ठेवायच्या. तुंबा कडू, म्हणून कीड शिवत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तुमच्या माघारी तुमची बियांची पेटी उघडली, एक पोटली पटकन सुटली, दुसरी सुटेना, तर मी काय केलं असेल? दातांनी ओढून सोडली! दोन्ही एकाच ताटात ओतल्या आणि मूठ मूठ वाटल्या. पुष्पीला एक, शारदाला एक. वर मोठेपणाने सांगितलं, "अक्कांनी मला सगळं समजावून दिलंय."

माझा वेल शेळीने खाल्ला. शेळीच शहाणी म्हणायची!

शारदाच्या घरची रोजची भाजी, म्हणून तिने चाखली. पुष्पीचा भोपळा नैवेद्याच्या सोळा भाज्यांत जाणार. परवा तिने आपल्या बायकांच्या ग्रुपवर वेलीचा फोटो टाकला होता: 'माझ्या आईच्या हातचं बी.' आणि नैवेद्याचं चाखायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं? तुम्हीच! एका वर्षी कढीत दोनदा मीठ पडलं, सगळी पंगत पाणी पिऊन उठली, पण देवीआधी तुम्ही बोट लावू दिलं नाहीत. उद्या तिच्या दारी सगळं भावकीचं माणूस जेवणार. एक भोपळा अख्खं पातेलं नासवतो. माणसं आजारी पडली तर? आणि सासरचे म्हणतील, हिच्या आईने असलं बी दिलं!

इथे वही सोडून उठले होते. पुष्पीचा फोन आला.

"काकू, चार चार मिसकॉल! काय झालं?"

"पुष्पे, तो भोपळा चिरलास का?"

"न्हाई अजून. काहून?"

"आत्ता चाख. कच्चा. टोकाकडून."

"नैवेद्याचा हाय काकू! सासूबाई बाजूलाच हायेत."

"असू देत. देवीला उष्टं चालंल, कडू न्हाई चालणार. चाख म्हणते ना!"

विळीचा आवाज आला. मग कचकन चावल्याचा. मी फोन कानाला चिकटवून ऐकत होते, अक्का.

"गोड हाय," ती म्हणाली. "काकडीवानी."

आता उद्याचा प्रश्न मिटला होता. 'बरं बाई' म्हणून फोन ठेवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती पुन्हा म्हणाली, "काहून इचारलं? आईच्या बियात काय खोट निघाली का?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता! मी सगळं सांगितलं. दोन गाठी, ताट, दात, सगळं. "तुझ्या आईचं काही चुकलं न्हाई. मी ध्यान दिलं न्हाई."

तिने सासूबाईंना 'थांबा जरा' म्हटलं. मग म्हणाली, "काकू, म्हाईत न्हवतं तर बिया वाटायच्या आधी इचारायचं तरी."

"कुणाला इचारू गं?" मी म्हणाले.

मग आम्ही दोघीही रडलो. तिच्या सासूबाई मागून विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

अक्का, ही वही मिटली की मी शारदाच्या घरी जाते. ती चार बायकांत पालेभाजीची जुडी निवडत बसली असेल. सगळ्यांसमोर सांगेन की अक्काची नजर शेवटपर्यंत चांगली होती, चुकली ती सुमन. हसल्या तर हसू देत. तुमच्या नावावर हा कडूपणा मी एक रात्रही राहू देणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन