दुधाचे वार

माय, तू गेल्याला इतकी वर्षं झाली आणि तुला चार ओळी लिहायला मी आज बसलो, राग धरू नको. शाळा तिसरीत सुटली तेव्हापासून लिहिण्याचा हात राहिला नाही. बरे दिवस होते तेव्हा तुझी आठवण येत नव्हती असं नाही, पण बऱ्या दिवसांत माणूस मेलेल्या आईला काय विचारणार? आता घरात अशी वेळ आली आहे की ज्याला विचारावं असं माणूस उरलं नाही.

तू पाहिली नाहीस ती माझी धाकटी लेक माघात पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मुलगी झाली आणि आठवड्याच्या आत लेक तापाने गेली. जावई दोनदा येऊन गेला, दुसऱ्या खेपेला त्याने पाळण्याकडे पाहिलंही नाही. पोर आमच्याकडेच आहे. वैशाख लागला, तीन महिन्यांची झाली, पण उचलली की हाताला वजन लागत नाही. मी दिवसातून कितीदा तरी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहतो. घरची चिडते. म्हणते, "तुमी असं करू करूच तिले नजर लावान." मग मी बोट काढतो, आणि ती पाण्याला गेली की पुन्हा धरतो.

तुझं मला सगळ्यात जास्त आठवतं ते दुधाच्या वारांचं. गावात पोर आईवेगळं झालं की तू घरोघरी जाऊन वार लावायचीस. सोमवार या घरचा, मंगळवार त्या घरचा. ज्या घरी अंगावर पाजणारी बाई असेल तिने त्या दिवशी ते पोर छातीशी घ्यायचं, नसेल त्या घराने गाईचं किंवा शेळीचं दूध तांब्याभर पाठवायचं. आपला शनिवार होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. तू चुलीवरून दूध उतरवते आहेस, त्यात वावडिंग घातलेलं आहे, आणि मी तांब्या धरून बसलो आहे की आमचं दूध त्याले कायले? तू माझ्या हातावर चापट मारलीस. "दूध तुया बापानं देल्लं का गाईनं? आज शनवार हाये. आज ते पोर आपलं हाये." मी रडलो तेव्हा तू मला साय दिलीस, पण तांब्या गेला तो गेलाच. त्या पोराचा बाप एकदा हात जोडून उभा राहिला तर तू त्यालाही रागावलीस. दुधाचे आभार मानले की दूध आटतं, म्हणायचीस.

माझ्या नातीलाही वार लागले होते, माय. तू नव्हतीस तरी लागले. शेजारच्या सुनेला चार महिन्यांचा मुलगा आहे, तिने तीन वार एकटीने घेतले. एका बाजूला तिचा, एका बाजूला आमची. बाकीचे वार गाई-म्हशीवाल्यांनी घेतले. फाल्गुनापर्यंत पोर चांगली भरत होती, गालाला खळी पडायला लागली होती.

मग चावडीपुढे जीप आली. साहेबाने सगळ्यांना बोलावून सांगितलं की ज्या लेकराला आईचं दूध नाही, त्याच्यासाठी सरकारने पैसा मंजूर केला आहे. शेलूबाजारच्या दवाखान्यातून दुधाच्या भुकटीचे डबे फुकट मिळतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पहिलं नाव आमच्या पोरीचं लिहिलं गेलं आणि पंधरवड्यात डबा आलाही. त्या दिवशी अमावस्या होती म्हणून घरचीने तो उघडला नाही, कुंकू लावून देवापाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव पाहायला आलं. चिमूट चिमूट तोंडात टाकून कोणी म्हणालं खव्यासारखं लागतं, कोणी म्हणालं चुन्यासारखं. शेजारची म्हातारी, त्या सुनेची सासू, म्हणाली, "माह्या नातवाले कोणी डबा देल्ला नाई वं! तुही नात तं सरकारची लाडाची लेक झाली." घरची हसली. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून मला ते बोलणं गोड लागलं.

पण त्याच आठवड्यात वार उठले. कोणी वाईट मनाने उठवले नाहीत, हे तुला मुद्दाम सांगतो. सरकार देते आहे, मग आपल्या एका तांब्याचं काय अडलं, असं प्रत्येकाला वाटलं. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं. शेजारची सून दोन दिवस येऊन विचारून गेली, "मामाजी, पाजू का?" घरचीने डब्याकडे बोट दाखवून तिला परत पाठवली. आणि तू म्हणायचीस ना, दूध विकलं की पूत विकला? आता तसं राहिलं नाही. शेलूबाजारच्या रस्त्यावर चहाची हॉटेलं झाली आहेत. वाराचं दूध मोकळं झालं तसं ते सायकलीवर कॅन लावून तिकडे जायला लागलं.

डबा सरला. दुसरा आला नाही. मी उन्हातून दवाखान्यात गेलो, तिथे ओसरीवर बरीच माणसं बसली होती. कंपाउंडर म्हणाला, "बावा, पैसा मंजूर हाये, पण माल नाई."

"मंग पैसा कुठी हाये?"

"वर."

"वर म्हंजे कुठी?"

"मले काय पुसता? मी तं खालीच बसून राह्यलो ना."

किन्हीराजा गावचा एक माणूस जुळ्यांसाठी आला होता. तो म्हणाला, "मंग मंजुरीच घोळून पाजा ना लेकरायले." सगळे हसले. कंपाउंडरही हसला, मग त्याने आतून शेवटचा डबा आणून फोडला आणि कागदाच्या पुड्या बांधून वाटल्या. परत येताना तो किन्हीराजाचा माणूस काही वाट माझ्याबरोबर होता. त्याच्याजवळ दोन पुड्या होत्या. तो म्हणाला, "एकच राह्यलं आता. पण नाव मी दोघायचंबी राहू देल्लं." माझी नजर त्याच्या दुसऱ्या पुडीवर होती, आणि त्याला ते कळत होतं.

पुडी कितीशी पुरणार? तेव्हा मला तुझी एक रीत आठवली. एखाद्या घराचा वार चुकला की तू मागायला जायची नाहीस. पोर घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन नुसती बसायचीस. मी पोर घेतली आणि शेजारच्या ओसरीवर जाऊन बसलो. म्हातारी बाहेर आली.

"काहून बसले भाऊ उन्हाचे?"

"बसलो असाच."

तिने पोरीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "सुनेले दूध नाई राह्यलं हो. दिवसभर फुफाट्यात धुऱ्या-बांधावरचं काम, तीन वार सुटले तसं आटलं. तिचंच पोर आता भाकर चोखते. अन् म्हशीचं म्हणान तं हॉटेलवाल्याचा बयाना घेऊन बसला माहा पोरगा. डबा येते म्हणूनच घेतला ना भाऊ, नाई तं घेतला असता का?"

आतून सून आली. तिने पोर माझ्याकडून घेतली आणि छातीशी लावली. पोरीने ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग तोंड फिरवलं. सून रडायला लागली. म्हणाली, "मामाजी, तवा मी पुसलं होतं ना." ती टाकून बोलली नाही, माय. टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. मला तिथून उठता येईना आणि बसवेना. तू असतीस तर त्या ओसरीवर काय केलं असतंस? दूध असून न देणाऱ्या घराशी कसं वागायचं ते तुला ठाऊक होतं. ज्या घरी दूधच नाही तिथे तू कधी बसली होतीस का?

आता पोरीला तांदळाची पेज देतो, गुळाचं पाणी कापसाने चोखवतो. पेज तिच्या पोटात टिकत नाही. आपली शेळी आटली आहे, बाकीच्या घरांचं दूधही हॉटेलवाल्यांच्या बयान्यात अडकलं आहे, आणि आषाढापर्यंत गावात दुसरं जनावर विणार नाही. घरची रोज अंगारा लावते. लोक म्हणतात, पुन्हा जीप येणार आहे, या खेपेला जास्त पैसा मंजूर झाला आहे. येईलही. मी वाट पाहत नाही असं नाही.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं नाही, एवढं तिसरी शिकलेल्यालाही कळतं. लिहून झालं की धान्याच्या कणगीमागे ठेवीन. पण एक गोष्ट घरचीला सांगितलेली नाही, ती तुला सांगतो. तिला वाटतं मी रोज डब्यासाठी शेलूबाजारला जातो. मी जात नाही. नाल्याच्या पलीकडे पळसाखाली बसतो, तिथवर पोरीचं रडणं ऐकू येत नाही म्हणून. कालपासून ती रडत नाही, तरी मी आज सकाळी तिथे जाऊन बसलो होतो.

तुला काही सुचत असेल तर कळव, माय. स्वप्नात ये, नाही तर कोणाच्या अंगात ये, कसंही कर. पण लवकर कळव.