त्या दिवशी इंजिनात काय होतं

प्रिय आबा,

काल कॉलेजातून फोन आला. नव्या प्रयोगशाळेत तुमचा फोटो लावणार आहेत. तोच, अक्कलकुव्याच्या आपल्या तेलघाणीतला. तुमचा हात इंजिनाच्या हँडलवर आणि शेजारी पांढऱ्या कोटात दात काढून हसणारी मी! खाली लिहायची ओळही त्यांनी सुचवली: 'मोहाच्या तेलावर चाललेलं इंजिन.' मी 'कळवते' म्हणाले. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नव्हतं. काल आलं, पण रागाने आलं.

तुम्हाला माहीत होतं ना?

प्रयोगशाळेत बाटलीभर इंधन मी खरंच केलं होतं. ताज्या बियांचं तेल, त्यात मिथेनॉल आणि चिमूटभर पोटॅश. पोटॅश कशाला, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, ते उत्प्रेरक, तेलाचं पातळ इंधन व्हायला मदत करतं. 'म्हंजे इरजण ना!' म्हणून तुम्ही मोकळे झालात. मी किती हसले होते.

पण पाहुण्यांना इंजिन चालवून दाखवायच्या दिवशी डबाभर इंधन साफ करायला पाण्याने धुताना त्या पाण्यातच मिसळलं आणि वेगळं होईना. तासाभरात साहेब, फोटोवाला, डोंगरातले लोक, सगळे येणार. मी कॅन घेऊन पंपावर गेले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं.

इंजिन सुरू झालं. मोहाच्या तेलाच्या धुराला तळणीचा वास येतो, हे तुम्हीच मला सांगितलेलं. त्या दिवशी तसा वास आला नाही. तुम्ही नाक वर केलंत आणि एकदाच माझ्याकडे पाहिलंत. तेवढ्यात मणिबेलीकडून आलेल्या जात्रीबाईने विचारलं, "आबा, खरंच आमनं तेल शे का?"

"हा. मन्ही पोरनंच तेल शे," तुम्ही म्हणालात. वर हेही म्हणालात, "यंदा बिया घरमा ठेवू नका. पोरले द्या."

का म्हणालात? मला झाकायला? आबा, माझी तेवढ्यावर फजिती झाली असती तर काय बिघडलं असतं! चार लोक हसले असते.

लोकांनी बिया दिल्या. माझ्या नव्हे, तुमच्या शब्दावर. वर्षभराचं खायचं तेल होतं ते त्यांचं. आणि आमचं मिथेनॉल येईपर्यंत अख्खा पावसाळा ती पोती गळक्या शेडमध्ये पडून राहिली.

तुम्ही आलात. पोत्यातली एक बी फोडून चावलीत. बी चावून पाहिल्याशिवाय तुम्ही कधी कुणाचं पोतं घाणीत घातलं नाही. तोंड वाकडं करून म्हणालात, "बेटा, हाई घसाले चावस. यानं तेल दिवामा घाल, दुसरं काही करू नको."

"आबा, रसायनशास्त्र घशाला विचारून चालत नाही," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही टोपी नीट केलीत आणि निघून गेलात.

तुमचंच बरोबर होतं. ओलीत पडलेल्या बियांच्या तेलात आम्ल वाढतं आणि त्यात पोटॅश घातलं की इंधन होत नाही, साबण होतो. हे माझ्या पुस्तकात होतं आणि तुमच्या जिभेवरही होतं. मी दोन्हीकडे पाहिलं नाही. पिंपंच्या पिंपं तपकिरी खळ झाली.

हिवाळ्यात जात्रीबाई रिकामी बरणी घेऊन घाणीवर आली. तुम्ही तिच्या हातात साबणाच्या वड्या ठेवल्यात. माझ्या चुकीच्या वड्या तुम्ही स्वतः कापल्या होत्या! तिने एक वडी उलटसुलट करून पाहिली.

"साबण रांधू का, आबा?"

तुम्ही मान खाली घातलीत. मी आत होते, दाराआड. बाहेर आले नाही. त्यानंतर डोंगरातलं एकही पोतं आपल्या घाणीवर उतरलं नाही. तुम्ही रोज सकाळी घाणी पुसत बसायचात, आणि मी शहरात जाऊन त्याच प्रयोगावर भाषणं द्यायचे.

शेवटच्या आजारपणात मी तुमच्या उशाशी किती दिवस बसले. एकदा तरी म्हणायचंत, पोरी, तू खोटं वागलीस. शिवी द्यायचीत. तुम्ही मात्र विचारलंत, "जेवनी का?" मला त्याचा अजून राग येतो. तुम्ही चांगले राहिलात आणि सगळी घाण माझ्याकडे ठेवून गेलात.

कॉलेजला मी आज ओळ कळवली आहे: 'या दिवशी इंजिनात पंपावरचं डिझेल होतं. ते मी भरलं होतं.' आता ते फोटो लावतील असं वाटत नाही.

आणि तुम्हाला एक शब्द देते. येत्या बाजाराला घाणीच्या पायरीवर मी बसेन. जात्रीबाई आली की सगळ्यांदेखत सांगेन, आबा खोटं बोलले ते माझ्यासाठी बोलले. ती शिव्या देईल, कदाचित तोंडावर थुंकेल. थुंकू दे.

आबा, या वेळी तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची पोर,
मंदा