मॅनिफोल्डचं गास्केट आणि बाबांची झोप

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (अष्टांगांतून कंबर सध्या वगळावी. ती तीन दिवस गाडीच्या बॉनेटखाली वाकली होती, अजून सरळ झालेली नाही.) तुझं ब्लडप्रेशर आणि दाजींचा खोकला दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो, कारण नसतील तर ते ऐकण्याचं त्राण आज माझ्यात नाही.

बाबांना ऑक्सिजन का लावला, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "विशेष काही नाही" म्हणालो. विशेष होतं. पण बाबा शेजारीच बसून माझं वाक्य तपासत होते. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून डोळा थोडाच निवृत्त होतो? दर मंगळवारी त्यांना गुडघ्याच्या व्यायामाला नेतो, तर पाऊण तासाच्या वाटेवर मागच्या सीटवरून प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचून दुरुस्त करणार. वेलांटी चुकलेल्या एका न्हाव्याशी भांडायला आम्ही गाडी थांबवलेली आहे.

तर दोन-अडीच महिन्यांपूर्वी गाडी सकाळी सुरू केली की टिक-टिक करायला लागली. इंजिन गार असताना जोरात, चढावर आणखी जोरात, आणि तापलं की बंद. ही म्हणाली, दाखवून घ्या. मी म्हटलं, थांबतंय ना आपोआप? (जे आपोआप थांबतं ते बरं झालं असं मानायचं, ही आपल्या घराण्याची वैद्यकी.) मग गाडीत जळकट वास यायला लागला, हिचं डोकं दुखायला लागलं, ती काच खाली करून बसायला लागली. आणि बाबा झोपायला लागले. निघाल्यावर दहा मिनिटांत मान खाली, पाट्या बंद. ताई, तुला खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतकं बरं, की गाडी दाखवायचं मी तीन मंगळवार मुद्दाम पुढे ढकललं.

चौथ्या मंगळवारी दवाखान्याच्या दारात बाबा उठेनात. हाका मारल्या, हलवलं. डोळे उघडले ते कुठेतरी लांब बघत. हिचा हात धरून त्यांनी तिला तुझ्या नावाने हाक मारली आणि शाळेला उशीर झाला का, असं विचारलं. पुढचा तास मी बाकावर बसून नळीतून जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकत होतो. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत, मागे काही त्रास राहणार नाही. पण ही गाडी आहे की धुरांडं?

मिस्त्रीने बॉनेट उघडून काजळीचा एक फराटा दाखवला. इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा जो पंजा असतो, तो मॅनिफोल्ड. तो इंजिनला जिथे टेकतो तिथे मध्ये फट बुजवणाऱ्या पातळ चकत्या, म्हणजे गास्केटं असतात. ती जळून झिजली होती. तिथून निसटलेला धूर पंख्याच्या वाटेने आत, थेट बाबांच्या नाकाशी. मिस्त्रीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणाला, "मी सांगतो, तुम्ही करा." दुसरीकडे नेऊ शकलो असतो. पण हे मीच करावं असं वाटलं. (दुपारपर्यंतच वाटलं.)

गंजलेल्या नटांना तेल पाजून वाट बघितली. पाच सुटले, सहावा फिरला आणि बोल्टासकट मोडून हातात आला. आत राहिलेला तुकडा काढण्यात दीड दिवस गेला. जुन्या गास्केटाची खपली खरवडून, पोलादी पट्टी लावून पृष्ठभाग सपाट आहे का बघून, नवी गास्केटं बसवली. नट मधल्यापासून कडेच्यांकडे जात, थोडे थोडे आवळायचे. मी घाई केली की मिस्त्री स्टुलावरून खाकरायचा. शेवटी गाडी गार असतानाच सुरू केली. टिक-टिक नाही, वास नाही.

आता बाबा ठणठणीत आहेत आणि पाट्या पुन्हा सुरू. दर दोन मिनिटांनी मागे वळून "बाबा, जागे आहात ना?" एवढं विचारतो, आणि त्यांच्या आवाजाने जिवाला स्वस्थता वाटते. त्यांच्या बोलण्याबद्दल माझी यापुढे काही तक्रार नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. महिनाभर बाबांना तुझ्याकडे नेतेस का?

ता. क. २. तुमच्याकडच्या रस्त्यांवर पाट्या भरपूर आहेत.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका दुरुस्त केल्या आहेत. तपशिलाची एक राहिली. तो शेवटचा मंगळवार सोडता मी झोपत नव्हतो. डोकं जड व्हायचं, म्हणून डोळे मिटायचो. मी झोपलो असं वाटलं की ही दोघं पुढे एकमेकांशी बोलायची. घरात बोलत नाहीत. जेवताना मीठ माझ्यामार्फत मागतात. गाडीत मात्र हसायची. एकदा सूनबाई गुणगुणली. मग डोकं दुखतंय असं सांगावंसं वाटेना. आता हा सारखा मागे वळून विचारतो, म्हणून पाट्या वाचतो; निदान रस्त्याकडे तरी बघेल. येत्या मंगळवारी मला न्यायला ये. मी घरात नसताना त्यांना बोलू दे.