ढगूचं पुस्तक

न्हावरे, बुधवार

सौ. शितलताईस,

शनिवारी तुझ्या लेकीला, राजनंदिनीला, दौंडहून घेऊन येतेस, असं तू फोनवर म्हणालीस. मी हो म्हणालो, पण एक गोष्ट सांगितली नाही. तिचं लाडकं वासरू ढगू नर आहे, गोऱ्हा. दुधाच्या गोठ्यात आपण गोऱ्हे ठेवत नाही, हे तुला माहीत आहे, तिला नाही. ढगूला विकायला आबांनी उद्या व्यापाऱ्याला बोलावलं आहे.

मुलीचं आणि वासराचं ते चित्रांचं पुस्तक ती ढगूला वाचून दाखवायला माझ्याकडे ठेवून गेली. मी खरंच वाचतो. आज आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पुस्तक घेतलं आणि बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं.

"शेवटी वासरू इकलं का रं?"

"न्हाई आबा. दोघं एका जागी झोपत्यात."

त्यांनी शेवटचं चित्र पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "उद्यापास्नं हे वर फळी ठोकून तिच्यावर ठिवत जा. त्यो खाईल."

म्हणजे ढगू राहणार का? व्यापाऱ्याला त्यांनी अजून नको म्हटलेलं नाही, आणि विचारायचं मला धाडस होत नाही. म्हणून व्यापारी येऊन जाईपर्यंत, उद्या दुपारपर्यंत, हे पत्र टाकणार नाही.

फळी मात्र आत्ताच ठोकून घेतली आहे.

तुझा भाऊ,
अविराज