फ्लॅटची मालकीण आणि तिचा गवाह

आदरणीय इंद्रजीतभाऊ यांस,

रायपूरहून हरिदासचा सविनय जयभीम. वहिनींच्या गुडघ्याले त्या तेलानं काही फरक पडला का, ते कळवा. (पडला नसला तरी वैद्याले सांगू नका, तो मोठी बाटली देते.) इकडं आम्ही मजेत आहो. म्हणजे तुमची बहीण मजेत आहे, आणि मी तिचीच तक्रार लिहून राहिलो. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं, पण फोन दिवसभर तिच्याच हातात राह्यते, म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

रेल्वेचं क्वार्टर सोडलं तेव्हापासून आम्ही पुरानी बस्तीत किरायानं आहो, हे तुम्हाले माहीत आहे. दोन खोल्या, किराया कमी, घरमालक सज्जन, फक्त नळ त्याच्या मर्जीनं चालते. तं आपल्या यशदीपनं पुण्याहून फोनवर डोक्यात भरवलं, की पप्पा, नवा रायपुर में फ्लॅट ले लो, इन्व्हेस्टमेंट है, किराये से ही किस्त निकल जाएगी. (पोट्ट्याले मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी.) कर्ज त्याच्या पगारावर, हप्ता माह्या पेन्शनीतून, आणि पेन्शनीची भरपाई किरायातून. बँक शंभरातले ऐंशी देणार, वीस माह्या फंडातले. सुशीलानं तेव्हा एवढंच विचारलं, आपण इथं किराया भरायचा आणि तिथं किराया घ्यायचा, तं मधात काय आहे? मी म्हटलं, मधात इन्व्हेस्टमेंट आहे. ती मेथी निवडत राहिली.

बापा! त्या विसाच्या मागं किती मंडळी लपून बसली राह्यते, हे कोणी सांगत नाही भाऊ. बिल्डरच्या ऑफिसात सचिन नावाचा पोट्टा आहे, टाय बांधते, मोठा गोड. आधी थंड पाणी देते, मग बातमी देते. अंकल, पार्किंग अलग है. मीटर का अलग है. मेंटेनन्स का डिपॉझिट तो अलग है ही. बँकेत गेलो तं प्रोसेसिंग फी अलग, कागद तपासणाऱ्या वकिलाचे अलग, फ्लॅटची किंमत ठरवायले येणाऱ्याचे अलग. (तो मोटरसायकलवरून उतरला, भिंतीवर दोन थापा मारल्या आणि गेला. थापा मारायचे इतके पैसे भेटतात हे आधी माहीत असतं, तं मी रेल्वेत काहून गेलो असतो?) आणि सगळ्यायच्या वर रजिस्ट्री आणि स्टॅम्प ड्यूटी, त्याच्यासाठी तं बँक एक रुपया देत नाही. फंड आटत चालला, रजिस्ट्रीची तारीख आली, मले घाम सुटला. तेव्हा सचिननंच तोडगा काढला. आंटी के नाम करा लो अंकल, महिलाओं को छूट है. मी त्या पोट्ट्याले मिठीच मारणार होतो. माह्या कर्मभोगाची सुरुवात तिथं झाली.

रजिस्ट्री ऑफिसात बाबूनं विचारलं, खरीददार कौन? मी सवयीनं उभा झालो. (क्वार्टर, राशन कार्ड, गॅस, आजवर सगळं माह्याच नावानं.) तो म्हणे, आप बैठिए, आप गवाह हैं. सुशीला उठली. फोटो काढला, बोटं टेकवली. मग सही करायच्या आधी तिनं माह्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायले बसली. मागं लाईन लागलेली. मी म्हटलं, अवो, कर न सही. तिनं पाह्यलं पण नाही. आपलं नाव आलं तिथं बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. घरी येताना ऑटोत फाइल मांडीवर धरून बसली, मले एकदाही हात लावू दिला नाही.

आता खरी अडचण ऐका. नवा रायपुरच्याच मंत्रालयातलं एक जोडपं किरायानं यायले तयार आहे, किराया चांगला, माणसं सालस. रविवारी करारावर सही पाहिजे. सही मालकिणीची. आणि मालकीण सही करत नाही! नाही पण म्हणत नाही. पाहू म्हणते. दर दोन दिवसाले झाडू आणि डबा घेऊन नवा रायपुरच्या बसची वाट पाहत उभी राह्यते. (तिकडची बस म्हणजे आली तं आली.) परवा मी चिडून मागं गेलो. म्हटलं, आज सोक्षमोक्षच लावतो. दार उघडंच. झाडून झालेलं, डबा खाऊन झालेला, आणि ती बाल्कनीत पेपर टाकून नुसती बसलेली. काय करून राहिली म्हटलं, तं म्हणे, काही नाही, आपल्या घरी बसली आहे.

किती क्वार्टरं बदलली तिनं माह्यासंगं, दरवेळी कढीपत्ता लावायची आणि बदली झाली की दुसऱ्यासाठी सोडून यायची. मी पण पेपरवर बसलो.

पण किस्त ते किस्त आहे. तुम्ही मोठे भाऊ, तुमचं ती ऐकते. रविवारच्या आधी फोन करून तिले समजवा, एवढीच विनंती.

तुमचा आज्ञाधारक,
हरिदास

ता. क. समजवू नका. पाकिटाले डिंक शोधायले उठलो, तेवढ्यात तिनं हे पत्र वाचून काढलं. रागावली नाही. फक्त म्हणे, आपणच तिथं राह्यलो, पुरानी बस्तीचा किराया वाचला, तं तो किस्तीत टाका, कमी पडलं तं माह्या शिलाईचे जमवलेले पैसे आहेत. मेथी निवडताना तिनं विचारलं होतं न, मधात काय आहे, ते मले आता समजलं. मंत्रालयवाल्यायले मी आताच नाही सांगून आलो.

दुसरा ता. क. पुढच्या पौर्णिमेले नव्या घरी बुद्धवंदना आणि खीर. वहिनींले घेऊन या, लिफ्ट आहे. (तिचे पैसे अलग लागले.) येताना तुमच्या अंगणातलं कढीपत्त्याचं रोप आणा. यावेळी सोडून जायचं नाही आहे.

तिसरा ता. क. खरं काम राहिलंच. सुशीला म्हणते, माह्या फ्लॅटमंदी राह्यचं तं ओळखीच्या भल्या माणसाची चिठ्ठी पाहिजे. म्हणून दोन ओळी लिहून पाठवा, की हरिदास सज्जन आहे, भिंतीले खिळे ठोकत नाही. घोरण्याचं लिहू नका. आणि किरायात सकाळचा चहा धरला आहे का, हे मी आताच विचारलं. म्हणे, वो अलग है.