पिवळ्या चिंधीची वायर

प्रिय अनुजा,

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची बायडाबाई, गाडीचा मेस्त्री केरबा नंतर. बॉनेट उघडायच्या आतच हिचं सुरू, हे भंगार कशाला उकरताय म्हणून. चहा देऊन पायरीवर बसवली तेव्हा कुठं तोंड थांबलं. तर बाई, तुझ्या आजोबांची गाडी उघडलीय. ते गेल्यापासनं सहा वर्षं दारात उभी, आत उंदरांनी संसार मांडलेला. वायरींवरचं रबर हात लावला की बिस्किटागत मोडून पडतंय. तीन दिवस नुसता धुरळा आणि शिंका. माझी कंबर कामातनं गेलीय, टेकत टेकत लिहितेय, अक्षर लावून घे.

केरबा कागलचा, हुशार माणूस, पण पहिल्या दिवशी डोकं धरून बसला. सगळ्या वायरी लालच. आजोबा मिळंल ती वायर घालायचे आणि खुणेला चिंधी बांधायचे. पाना हातात द्यायला मी, आणि तेव्हा मला चिठ्ठी वाचायची म्हणजे डोंगर, म्हणून माझ्याच कपड्यांच्या चिंध्या. मग काय, खुर्ची टाकून सांगत बसले. हिरवा खण म्हणजे हॉर्न, इरकलीचा काठ म्हणजे पुढचे दिवे. केरबा एकेक जुनी वायर काढतोय, तिच्या मापाची नवी घालतोय आणि चिंधी परत बांधतोय. आक्का, मेस्त्री तुम्ही, मी हाताखालचा, म्हणाला. दमले, पण मला इतकं कुणी विचारून किती दिवस झाले होते.

तुझा बाबा लांबनंच बघायचा. तू रजिस्टर लग्न करून पुण्याला गेल्यापासनं, तीन वर्षं, घरात तुझं नाव न्हाई. मेस्त्रीला बोलावलं त्यानंच, पण कशाला ते सांगंना.

काल सगळं जोडून झालं, तरी गाडी चालू होईना. केरबानं टेस्टर लावत माग काढला, तर एका वायरीपुढं करंटच न्हाई. ती पत्र्याआड शिरलेली, आणि तिला पिवळी चिंधी, तुझ्या फ्रॉकची. आत कुठंतरी चोर-स्विच हाय, ते दाबल्याशिवाय गाडी चालू व्हायची न्हाई, म्हणाला. चौथीत असताना तू नि आजोबांनी दुपारभर गाडीत बसून लपवलेलं तेच. अर्धा दिवस शोधून सापडंना, तसा केरबा म्हणाला, तोडून थेट जोडतो, पाच मिनिटांचं काम. त्यानं पक्कड उचलली आणि तुझा बाबा पुढं झाला.

“तोडायचं न्हाई. अनुजानं बसवलंय, तिलाच विचारायचं.”

एवढंच बोलला आणि त्या चिंधीवरचं ऑइल आपल्या सदऱ्याला पुसत उभा राहिला.

आता तुला म्हणून सांगते. स्विच कुठं हाय ते मला ठाऊक हाय. आजोबांच्या पोटात काय राहायचं? पण बाबानं विचारलं तेव्हा म्हटलं, म्हातारी झाले, आठवत न्हाई. तर तूबी पत्रात लिहू नकोस, फोनवर सांगू नकोस. जावयाला घेऊन ये आणि तुझ्या हातानं दाब. केरबा नि बायडाबाई, दोघंबी पुढच्या गुरुवारी सकाळी येतो म्हणून गेल्यात, तवर तू पोच.

तुझीच,
आज्जी