बेडकाचा चातुर्मास

१६ जुलै, बुधवार
आज सकाळी साडेसहाला न्हाणीत एका बेडकावर घमेलं पालथं घातलं. वर वीट ठेवली. मग देवापुढं उदबत्ती लावून क्षमा मागितली. मारायचं नाही, कारण चातुर्मास. सोडायचं नाही, कारण विषारी. कालच मोबाईलवर पाहिलं, दक्षिण अमेरिकेतला एकच बेडूक दहा माणसं मारू शकतो. तो पिवळाधमक असतो. आमचा मातकट, अंगभर फोड. पण रंगावरून विषाचं काय सांगावं.

बायको मनुबाई आठ दिवसांपासून आष्ट्याला, माहेरी. आषाढी एकादशीला मी चातुर्मासापुरता कांदा-लसूण सोडला. रागही सोडला. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, बिनलसणाची आमटी गिळतीया का. मी म्हणालो, तुझ्या माहेरी चूल पेटत नव्हती वाटतं. तिनं पिशवी भरली. दारात म्हणाली, "राग खरंच सुटला की फोन करा."
उद्या करतो.

१७ जुलै
व्हिडिओ पूर्ण पाहिला. त्या बेडकांचं विष त्यांचं स्वतःचं नसतंच. रानातल्या मुंग्या, किडे खाऊन ते अंगात साठतं. पेटीत पाळून दुसरं खाणं दिलं की जातं. म्हणजे दोष स्वभावाचा नाही, आहाराचा. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली.
प्लॅन: बेडूक आणि मी, दोघांनाही सात्त्विक आहार. पाच दिवस. त्याला भिजवलेले हरभरे, मला दूध-केळी. मग फोन.
हरभरे झाडूच्या दांड्यानं घमेल्याखाली सरकवले. वाकून बघितलं नाही. विष डोळ्यात उडतं म्हणे.

१८ जुलै, सकाळी ७
न्हाणी बंद, म्हणून अंगणातल्या नळावर अंघोळ. रस्त्यानं शेजारची सुलाबाई चालली होती. "आवं भावजी, न्हाणी इकली का काय?" मी म्हणालो, तुझ्या नवऱ्यानंच घेतली, कधीतरी अंघोळ करू दे त्याला.
नोंद: विष थोडं शिल्लक. कालच्या केळ्यांवर मुंग्या होत्या.

१९ जुलै
भूक. दूधवाल्याला नको ते बोललो. तो उद्यापासून येणार नाही.
आष्ट्याला जाऊन समक्षच बोलावं असं वाटलं. पण बेडकाला कोण बघणार? फोन हातात घेतला. चार्जिंग बावीस टक्के. एवढ्यात मनातलं बोलणं होणार नाही.

२१ जुलै, एकादशी
त्याला शाबू सरकवला. नुसता भिजवलेला. शेंगदाणे उष्ण.
दुपारी भरतेश मास्तर आले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. जैन माणूस, त्यांचा चातुर्मास माझ्याहून कडक. न्हाणीच्या दारातून घमेलं बघून म्हणाले, "जीव कोंडून कसला चातुर्मास करतोस रं लालासाहेब?"
मी आहाराचं शास्त्र समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.
"ते तिकडचं बेडूक. ह्यो आपला हाय. ह्याचं विष खाण्यातनं येत न्हाई, डोळ्यामागच्या गाठीत आतच तयार हुतं. शाबू घाल न्हाईतर श्रीखंड. आन कुणी दाबलं, चावलं तरच सोडतो गड्या. उगंच न्हाई."
मनूनं मला दाबलं नव्हतं. आमटी गिळतीया का, एवढंच विचारलं होतं.

२२ जुलै, सकाळी
वीट काढली. घमेलं उचललं. हरभऱ्यांना बोटभर मोड. शाबूचा गोळा. बेडूक नाही. घमेलं नेमकं मोरीच्या भोकावर घातलं होतं. बहुधा पहिल्याच सकाळी गेला. म्हणजे आठवडाभर अडकलं होतं कोण, ते लिहीत नाही.
न्हाणीत अंघोळ केली. फोन केला. चार्जिंग नऊ टक्के. म्हणालो, राग सुटला नाही, पण तुझं काही चुकलं नव्हतं. ती म्हणाली, "मग या की. आन येताना घमेलं आणा. आईच्या न्हाणीत बेडूक शिरलाय."
घमेलं घरीच ठेवलं. सव्वादहाच्या आष्टा गाडीत बसलो.